शंभरात दोन, पाचात एक, की निम्मे? हार्ट फेल्युअरचे आकडे कसे वाचायचे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. आईचं वय ६२. दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला. गेल्या महिन्यात दम लागतो आणि पाय सुजलेत म्हणून ॲडमिट केलं, टू-डी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग ३५ टक्के आलं आणि डिस्चार्ज कार्डावर हार्ट फेल्युअर, म्हणजे शरीराला लागेल तेवढं रक्त हृदयाला नीट पुरवता न येणं, असं लिहून मिळालं. मग तुम्ही वाचायला बसलात आणि तीन आकडे हाती लागले. हा आजार शंभरातल्या एक-दोन लोकांना असतो, पाचातल्या एकाला होतो, आणि झालेल्यांपैकी निम्मे पाच वर्षांत जातात. हे तिन्ही एकाच वेळी खरे कसे, आजार वाढतोय का, आणि तुम्हा भावंडांनाही होईल का, असं तुम्ही विचारलंय.

या सगळ्यामागचा खरा प्रश्न मला दिसतो तो असा, की यातला आईचा आकडा कोणता. मी फिजिशियन आहे, असे रुग्ण रोज बघतो आणि हार्ट फेल्युअरच्या रुग्णनोंदणीच्या कामातही बरीच वर्षं आहे. त्या अनुभवावरून सांगतो, तिन्ही आकडे बरोबर आहेत. फक्त ते वेगवेगळ्या माणसांना, वेगवेगळ्या ठिकाणी आणि काळात मोजून आलेले आहेत. आकडा घाबरवायला लागला की पहिल्यांदा विचारायचं, कोणाला मोजलं? आणि कधीपासून?

त्याआधी पंपिंगबद्दलची एक भीती दूर करतो, कारण प्रत्येक घरात ती असते. पंपिंग ३५ म्हणजे हृदय शंभरापैकी ३५ टक्केच चालतंय, असं नाही. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती बाहेर पडतं, त्याचं हे प्रमाण आहे. धडधाकट माणसाचंही ते शंभर नसतं, साधारण ५५ ते ७० असतं. ४० किंवा त्याहून कमी असेल तर पंपिंग कमी झालेला प्रकार धरतात, ५० आणि त्यापुढे असूनही लक्षणं असतील तर पंपिंग शाबूत असलेला प्रकार, आणि ४१ ते ४९ हा मधला गट. आई पहिल्या गटात आहे. औषधांचा सगळ्यात भक्कम पुरावा ह्याच गटासाठी आहे, हे लक्षात असू द्या.

आता पहिला आकडा. एक ते दोन टक्के, हा युरोप-अमेरिकेतल्या प्रौढांमध्ये आज या क्षणी हा आजार घेऊन जगणाऱ्यांचा वाटा आहे. सगळ्या वयांची सरासरी असल्यामुळे तो लहान दिसतो. सत्तरीपुढच्या लोकांत हेच प्रमाण दहा टक्क्यांच्या वर जातं.

दुसरा, पाचातला एक. हा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रॅमिंगहॅम गावातून आला. तिथे १९४८ साली ५,२०९ लोकांची नोंद करून त्यांच्यामागे वर्षानुवर्षं जाण्याचं काम सुरू झालं. हृदयरोगाबद्दल आज आपण जे गृहीत धरतो त्यातलं कितीतरी त्या गावातून आलंय. २००२ साली तिथल्या संशोधकांनी हिशेब मांडला, की चाळिशीत हा आजार नसलेल्या माणसाला पुढच्या उरलेल्या आयुष्यात तो होण्याची शक्यता किती? उत्तर आलं पाचात एक, बायकांत आणि पुरुषांत जवळपास सारखंच. म्हणजे हा आकडा आजच्या दिवसाचा नाही, चाळीस वर्षांत पसरलेला आहे, आणि त्यातला बराच भाग पंचाहत्तरीनंतरचा आहे. आज शंभरात दोघं आजारी आणि आयुष्यभरात शंभरातल्या वीस जणांना आजार, यात विसंगती काहीच नाही.

आज किती लोक आजारी दिसतात, हे दोन गोष्टींवर ठरतं. नवे रुग्ण किती येतात आणि आलेले किती काळ जगतात. एसटी स्टँडवर एका वेळी किती माणसं उभी आहेत हे जसं येणाऱ्यांवर आणि गाडी किती उशिरा येते त्यावर ठरतं, तसंच. स्टँड मोकळा दिसला म्हणून गावात प्रवासीच नाहीत, असं नसतं.

हे इतकं सांगतोय ते एका कारणासाठी. हरियाणात बल्लभगडच्या ग्रामीण भागात आरोग्यसेवकांनी दारोदार जाऊन दम लागणारी माणसं शोधली, मग त्यांची इको तपासणी झाली. हजारी साधारण १.२ लोकांना हार्ट फेल्युअर सापडलं. पाश्चात्त्य आकड्याच्या मानाने हे फारच कमी. ते वाचून आपली खेडी बरी, हवा चांगली, कष्ट करणारी माणसं, असं म्हणायचा मोह होतो. पण तिथली लोकसंख्या तरुण आहे, म्हणून आकडा कमी येणारच. अटॅक आलेला माणूस वेळेत दवाखान्यात पोचत नसेल, तर तो हार्ट फेल्युअर होईपर्यंत जगतच नाही. ज्याला होतं तो औषधाविना लवकर जातो. आणि शोध दम लागण्याच्या तक्रारीवरून घेतला, तर जो तक्रार करत नाही तो निसटतो.

हा शेवटचा मुद्दा मी रोज पाहतो. साठीची बाई विहिरीवरून घरापर्यंत आता तीनदा थांबते, पण विचारलं तर म्हणते, "दम कुठला डॉक्टर, वय झालं." मग मी वेगळं विचारतो. रात्री उशा किती लागतात? झोपेतून उठून बसावं लागतं का? चप्पल संध्याकाळी घट्ट होते का? नडगीवर अंगठा दाबून धरला आणि काढल्यावर खळगा तसाच राहिला, की अर्धं निदान तिथेच होतं. अर्धंच म्हणतोय, कारण बीपीसाठी घेतलेल्या ॲम्लोडिपिननेही पाय सुजतात, मूत्रपिंडाच्या आजाराने सुजतात, रक्त कमी असलं तरी सुजतात. म्हणजे नुसती सूज मोजत गेलात तर आकडा फुगतो आणि नुसती तक्रार मोजत गेलात तर आटतो. फ्रॅमिंगहॅमने १९७१ साली यासाठी निकष छापले. मानेची शीर फुगणं, रात्री दम लागून जाग येणं, छातीत पाणी भरल्याचा आवाज, एक्स-रेत हृदय मोठं दिसणं ही मोठी लक्षणं. पायांची सूज, रात्रीचा खोकला, चालताना दम ही लहान. दोन मोठी किंवा एक मोठं नि दोन लहान जुळली तरच हार्ट फेल्युअर धरायचं. इकोची सोय नसलेल्या काळातले हे निकष अजूनही कामाला येतात.

इको आल्यावर चित्र आणखी बदललं. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या ओल्मस्टेड काउंटीत ४५ वर्षांपुढच्या २,०४२ लोकांची, तक्रार असो नसो, सरसकट तपासणी झाली आणि २००३ साली निष्कर्ष आले. खरोखर हार्ट फेल्युअर २.२ टक्के लोकांत होतं आणि त्यातल्या ४४ टक्क्यांचं पंपिंग पन्नासच्या वर होतं. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ज्यांच्या हृदयात मध्यम किंवा गंभीर बिघाड दिसला, त्यातल्या निम्म्याहून कमी लोकांना आजाराचं निदान झालेलं होतं. बाकीचे आपल्या कामावर जात होते. दिसणाऱ्या प्रत्येक रुग्णामागे एखादा तरी न दिसणारा असतो, हे मला या विषयातलं सगळ्यात गंभीर सत्य वाटतं. आईच्या बाबतीतही अटॅकनंतरची दोन वर्षं अशीच गेली असण्याची शक्यता आहे.

मृत्यूच्या दाखल्यांवरून मोजता येईल का, असं कोणी विचारतं. येत नाही. आपल्याकडे दाखल्यावर "हृदयक्रिया बंद पडून" लिहिलं की सगळं संपतं. हृदयक्रिया तर शेवटी प्रत्येकाचीच बंद पडते. मागे अटॅक होता, झडपेचा आजार होता की मूत्रपिंडाचा, हे त्यातून कळत नाही.

आता तिसऱ्या आकड्याकडे येतो, कारण तुमची झोप त्यानेच उडवली आहे. निम्मे पाच वर्षांत जातात, हे ढोबळमानाने खरं आहे. फ्रॅमिंगहॅममध्ये १९९०च्या दशकात निदान झालेल्यांपैकी पाच वर्षांत ५९ टक्के पुरुष आणि ४५ टक्के बायका गेल्या. पण त्यातले बहुतेक आईपेक्षा बरेच वयस्कर होते आणि त्या काळी आजची औषधं नव्हती. आपल्याला जवळचा आकडा केरळचा. २०१३ साली तिरुअनंतपुरम जिल्ह्यातल्या शहरी-ग्रामीण मिळून १८ हॉस्पिटलांत ॲडमिट झालेल्या १,२०५ रुग्णांची नोंद झाली. सरासरी वय ६१. युरोप-अमेरिकेत असे रुग्ण सत्तरीच्या पुढचे असतात, आपल्याकडे दहा वर्षं आधी येतात. थोडा वाटा आपली लोकसंख्या तरुण असण्याचा, पण बराचसा वाटा अटॅक, मधुमेह आणि बीपी लवकर गाठण्याचा. त्या नोंदीत १०० पैकी ७२ जणांचं मूळ कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार हेच होतं, म्हणजे आईचंच.

त्या रुग्णांपैकी वर्षभरात ३०.८ टक्के गेले, तीन वर्षांत ४४.८ टक्के, पाच वर्षांत ५९ टक्के. वाचून हात गार पडतात, मला माहीत आहे. पण हेच आकडे पायरीपायरीने वाचा. शंभरातले ३१ पहिल्याच वर्षी गेले. उरले ६९. त्यातले पुढच्या दोन वर्षांत १४ गेले, म्हणजे वर्षाला साधारण दहा टक्के. उरले ५५. त्यातले पुढच्या दोन वर्षांत पुन्हा १४, वर्षाला तेरा टक्क्यांच्या आसपास. पहिल्या वर्षातली जोखीम नंतरच्या तिप्पट-अडीचपट आहे आणि त्या वर्षातही सुरुवातीचे महिने सर्वांत नाजूक. साडेआठ टक्के तर हॉस्पिटलमधूनच परत आले नाहीत. आई तो टप्पा ओलांडून घरी आली आहे. म्हणजे ५९ टक्क्यांचा आकडा, जो ॲडमिशनच्या दिवसापासून मोजलेला आहे, तो आजच्या घडीला तिचा नाही.

आणि औषधांचं काय? त्याच नोंदीत, पंपिंग कमी असलेल्यांपैकी डिस्चार्जच्या वेळी योग्य ती सगळी औषधं चारातल्या एकालाच चालू होती. नंतर आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या आधाराने देशभरातल्या ५३ हॉस्पिटलांतून १०,८५१ रुग्णांची राष्ट्रीय नोंदणी झाली. तिथे ९० दिवसांत १४.२ टक्के, म्हणजे सातातला एक गेला. योग्य औषधं तिथेही निम्म्याहून कमी लोकांना होती आणि ज्यांना नव्हती त्यांच्यात मृत्यू जास्त झाले. त्या नोंदणीतली एक गोष्ट मला फार बोचते. शिक्षणाच्या सगळ्यात खालच्या गटात ९० दिवसांतले मृत्यू १७ टक्के होते, सगळ्यात वरच्या गटात १०.८. शिक्षणाने हृदयाचे स्नायू बळकट होत नाहीत. पण चिठ्ठी वाचता येणं, गोळी संपायच्या आत आणायला पैसे असणं, पाय सुजले की दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठता येणं, हे सगळं त्या आकड्यात आहे. सोळा देशांत मिळून झालेल्या एका अभ्यासात वर्षभरातले मृत्यू चीनमध्ये ७ टक्के, भारतात २३ टक्के आणि आफ्रिकेत ३४ टक्के आले. आजार तोच, मग इतका फरक फक्त हृदयाचा असूच शकत नाही.

म्हणून आईचा आकडा कशावर ठरेल, ते सांगतो. कारण (तिचं ठाऊक आहे), मूत्रपिंडं, म्हणजे क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, सोडियम, ठोका नियमित आहे की नाही, आणि औषधांच्या चार गटांपैकी किती चालू आहेत. हे चार गट असे: बीटा ब्लॉकर; एसीई इनहिबिटर किंवा त्याऐवजी सॅक्युबिट्रिल-वालसार्टन; स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन; आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. शेवटच्या गटाचा जन्म मधुमेहासाठी झाला, पण २०१९ पासून मधुमेह नसलेल्या हृदयरुग्णांतही त्याचा फायदा सिद्ध झाला. भारतात डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपल्यापासून ते सामान्य घराला परवडतं. प्रत्येकाला चारही गट देता येतातच असं नाही. बीपी फार खाली असेल, पोटॅशियम वाढत असेल तर थांबावं लागतं. ते तिच्या डॉक्टरांनी ठरवायचं. पण "यातलं कोणतं चालू नाही आणि का?" हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. २०२२ च्या एका मोठ्या चाचणीत डिस्चार्जनंतर वारंवार बोलावून, दोन आठवड्यांत डोस पूर्ण मात्रेपर्यंत वाढवला, तर १८० दिवसांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी पुन्हा ॲडमिट होणं २३.३ टक्क्यांवरून १५.२ टक्क्यांवर आलं. तेव्हा "बरं वाटतंय, पुढच्या महिन्यात जाऊ" असं करू नका.

लघवीच्या गोळीबद्दल एक. लग्नाला किंवा गावी जायचं असलं की लोक ती बंद करतात, कारण एसटी मध्येच थांबत नाही. दोन दिवसांत तीन किलो पाणी साठतं आणि लग्नघरातून थेट आयसीयू. प्रवासाच्या दिवशी गोळी कधी घ्यायची, ते डॉक्टरांना विचारा, वेळ पुढेमागे करता येते. रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करा, सूज यायची वाट बघू नका. लोणचं, पापड आणि सुकट ताटातून काढा.

आजार वाढतोय का? याला हो आणि नाही, दोन्ही. ब्रिटनमध्ये चाळीस लाख लोकांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा २००२ ते २०१४ या काळात त्याच वयाच्या माणसाला आजार होण्याचं प्रमाण सात टक्क्यांनी घटलं होतं. तरीही दरवर्षीचे नवे रुग्ण बारा टक्क्यांनी वाढले आणि एकूण रुग्ण तेवीस टक्क्यांनी. लोक वाढले, म्हातारे वाढले, आणि अटॅकमधून वाचलेले वाढले. तिथेही सर्वांत गरीब वस्तीतल्या लोकांना हा आजार जास्त आणि साडेतीन वर्षं आधी होत होता. आपल्याकडे २०१० साली जो अंदाज छापला गेला तो १३ लाख ते ४६ लाख रुग्ण असा होता. खालच्या नि वरच्या टोकात साडेतीन पटींचं अंतर, कारण लोकांना मोजून नव्हे, इतर आजारांच्या प्रमाणावरून तो हिशेब केला होता. पण दिशा स्पष्ट आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढचे लोक दहा टक्क्यांच्या जवळ होते आणि तो वाटा वाढतोच आहे. अँजिओप्लास्टी आता जिल्ह्याच्या गावी होते, म्हणून अटॅकने मरणारी माणसं वाचतात. त्यातली काही पुढे आईसारखी हार्ट फेल्युअर घेऊन येतात. वाचल्याची ही किंमत आहे, आणि मला ती मोजायला आवडेल, फक्त पुढची औषधं त्यांना मिळाली पाहिजेत.

कारणंही जागेप्रमाणे बदलतात. सहाराच्या दक्षिणेकडच्या नऊ देशांतल्या १,००६ रुग्णांच्या अभ्यासात सरासरी वय ५२ होतं, जवळपास निम्म्यांचं कारण बीपी आणि अटॅकमुळे झालेले फक्त ७.७ टक्के. आपल्याकडे अटॅक वरचढ असला, तरी संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेल्या तरुण मुली अजून येतात, बहुधा पहिल्या बाळंतपणात दम लागल्यावर. लहानपणी घसा सुजून सांधे दुखले होते आणि पेनिसिलिनची इंजेक्शनं मध्येच सोडली, हे तेव्हा विचारल्यावर कळतं.

तुम्हा भावंडांचं. आईच्या अटॅकमुळे झालेला हा आजार तसा थेट वारशाने येत नाही, मात्र अटॅककडे नेणाऱ्या गोष्टी घरात चालत येतात. फ्रॅमिंगहॅममध्ये हार्ट फेल्युअर झालेल्या लोकांपैकी ९१ टक्क्यांना आधी उच्च रक्तदाब होता, आणि ज्यांचं बीपी १६०/१००च्या वर राहिलं, त्यांची आयुष्यभराची जोखीम १४०/९०च्या खाली असणाऱ्यांच्या दुप्पट होती. तेव्हा दोघांनीही या महिन्यात बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल बघून घ्या. तंबाखू किंवा मिश्री असेल तर सोडा. इको आत्ताच करायची गरज नाही, जोपर्यंत दम, धडधड किंवा चक्कर नाही. आईच्या पुढच्या भेटीला जाताना वजनाची नोंद, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि क्रिएटिनिन-पोटॅशियमचा ताजा रिपोर्ट बरोबर ठेवा. डोस वाढवायचा की नाही, हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतील.